गावाचं लिखाण ठेवायचं कुठं? स्वतःचा छोटा ब्लॉग: खर्च किती, कष्ट किती, सांभाळायचा कसा

यात्रेच्या दिवसांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ग्रामदैवताचा जुना इतिहास टाकतं. कुणी विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवताना काय घोळ झाला ते लिहितं. कुणाची आजी जात्यावरची ओवी म्हणते, नातू ती रेकॉर्ड करून पाठवतो. दहा-वीस जण अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली ते सगळं गाडलं जातं. वर्षभराने कुणाला हवं असेल तर सापडत नाही. ज्याच्या फोनमध्ये होतं, त्याने फोन बदललेला असतो.

गावात माहिती आहे, लिहिणारे आहेत, फोटो काढणारे तर घरोघरी आहेत. नीट ठेवायला जागा मात्र नाही. ती जागा म्हणजे स्वतःचा छोटा ब्लॉग. तो काय असतो, त्याला पैसे किती लागतात, त्यावर काय लिहावं आणि तो टिकवायचा कसा, हे समजून घेऊ.

ग्रुप, पेज आणि स्वतःची जागा

व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मजकूर ग्रुपबाहेर दिसत नाही. गूगलवर कितीही शोधा, तो येणार नाही. निरोप द्यायला ग्रुप चांगला, जपून ठेवायला उपयोगाचा नाही.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर मजकूर बाहेरच्यांना दिसू शकतो. पण ती जागा कंपनीची. आपण दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडलेलं असतं. मालकाने उठ म्हटलं की उठावं लागतं. हे पूर्वी झालेलं आहे. एकेकाळी कॉलेजच्या पोरांच्या तोंडी असलेलं ऑर्कुट गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केलं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्याआधी टिकटॉकवर खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलामुलींनी नाव कमावलं होतं. बंदीमागची कारणं देशाच्या सुरक्षेची होती, पण ज्यांनी आपले व्हिडिओ दुसरीकडे जपून ठेवले नव्हते, त्यांचं काम आणि जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत हातचे गेले.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही. प्रत्येक लेखाला तारीख असते, नवा लेख वर येतो, जुने खाली राहतात, आणि प्रत्येक लेखाचा स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता म्हणजेच लिंक. ती कुणालाही पाठवता येते, दहा वर्षांनीही उघडता येते. 'ब्लॉगर' ही मोफत सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये ती गूगलने घेतली. त्याच वर्षी 'वर्डप्रेस' आलं. आज जगातल्या दर दहा वेबसाईटपैकी साधारण चार वर्डप्रेसवर चालतात. म्हणजे हे काही नवखं, उद्या गायब होईल असं साधन नाही.

गावातून पत्र काढणारे आधीही होते

'हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं काम' असं वाटत असेल तर एक जुनं उदाहरण बघा. 'दीनमित्र' हे साप्ताहिक मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलं. ते सत्यशोधक चळवळीतले. पुढे हे पत्र अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून निघत राहिलं. पुण्या-मुंबईच्या पेठेतून नव्हे, खेड्यातून, आणि तेही पाच दशकांहून जास्त काळ. तेव्हा कागद लागायचा, खिळे जुळवायला लागायचे, टपालाने अंक पाठवायला लागायचे.

दुसरं उदाहरण त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या पुस्तकाचं. ते १९१५ साली प्रसिद्ध झालं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, सण, उत्सव, देणी-घेणी असा गावाचा सगळा कारभार कसा चालतो, ते आत्र्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा ती रोजची गोष्ट होती, कुणालाही माहीत असलेली. आज जुन्या गावाची रचना समजून घ्यायची तर अभ्यासकांना तेच पुस्तक उघडावं लागतं.

आज आपल्याला साधं वाटणारं पुढच्या पिढीला कुठेच मिळणार नाही. म्हणून ते साध्या शब्दांत, तारखेनिशी लिहून ठेवायचं.

लिहायचं तरी काय?

शहरातले ब्लॉग 'तंत्रज्ञान' आणि 'संस्कृती' असे दोन वेगळे कप्पे करतात. नवा मोबाईल आला की एकात, नाटक-सिनेमा दुसऱ्यात. गावात हे दोन्ही एकाच दावणीला बांधलेले असतात.

जात्याचंच बघा. पहाटे बाया दळायला बसायच्या आणि दळता दळता ओवी म्हणायच्या. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल, सीता, दुष्काळ, आणि पुढे बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्या ओव्यांमध्ये यायचं. मग गावात पिठाची गिरणी आली, आधी डिझेल इंजिनवर, पुढे विजेवर. बाईच्या खांद्यावरचं मोठं कष्टाचं काम गेलं, ते बरंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली, कारण ओवी म्हणायची वेळ आणि जागाच उरली नाही. एक यंत्र आलं आणि गाण्याचा एक अख्खा प्रकार घराबाहेर गेला. तंत्रज्ञान आणि संस्कृती ती हीच.

या ओव्या पूर्णपणे हरवल्या नाहीत, कारण काही लोकांनी वेळेवर लिहून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोन अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ओव्या आज 'पारी' या संकेतस्थळावर मोफत वाचायला आणि ऐकायला मिळतात. 'पारी' म्हणजे ग्रामीण भारताचा लोकसंग्रह. तो पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केला. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. त्यामुळे ती ओवी 'कुठलीतरी जुनी' राहत नाही, एका बाईची, एका गावची होते. ब्लॉग लिहिणाऱ्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मोटेचंही तसंच. बैल मागेपुढे चालवताना मोट हाकणारा गाणं म्हणायचा. इंजिन आणि विजेचा पंप आला, मोट गेली, ती गाणीही गेली. मोट हाकलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याशी बोलायचं असेल तर वेळ फार नाही.

आजच्या काळातलंही लिहिण्यासारखं भरपूर आहे:

– ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये फोटो घेताना नेमकं कुठं अडतं आणि गावातल्या लोकांनी त्यावर काय मार्ग काढला.
– मोबाईल स्टार्टर बसवल्यावर रात्रीची पाण्याची पाळी कशी बदलली.
– बैलगाडा शर्यती यूट्यूबवर थेट दिसायला लागल्यापासून घाटातली गर्दी, बक्षिसं, बैलांच्या किमती यात काय फरक पडला.
– गावातला सुतार, लोहार, कुंभार आज काय काम करतो. कोणती अवजारं अजून हाताने बनतात.
– यात्रेतला तमाशाचा फड, भारूड, सोंगं: पूर्वी कशी, आता कशी.
– शेतातल्या जागांची नावं. गट नंबर आले तसे 'खळ्याचा मळा', 'वडाची पट्टी' हे शब्द मागे पडले. ती नावं आणि त्यामागची गोष्ट.

यातलं काहीही गूगलवर आधीपासून लिहिलेलं सापडणार नाही. 'सर्वात चांगला मोबाईल कोणता' यावर लिहायला हजार जण बसलेत. तुमच्या शिवारातल्या ओढ्याचं नाव तसं का पडलं, हे तुमच्याशिवाय कुणी लिहिणार नाही. हल्ली एआयकडून लेख लिहून घेण्याची सोय आहे. मजकूर नीटनेटका करायला किंवा शुद्धलेखन तपासायला ती वापरायला हरकत नाही. पण तुमच्या गावात काय घडलं हे त्या यंत्राला माहीत नसतं. विचारलं तर ते ठोकून देतं, आणि तुमच्या नावावर खोटा इतिहास छापला जातो.

घर आणि पत्ता, यातला फरक समजून घ्या

ब्लॉगला दोन गोष्टी लागतात. एक, मजकूर ठेवायची जागा. तिला होस्टिंग म्हणतात. दुसरा, तिथं पोचायचा पत्ता. त्याला डोमेन म्हणतात. 'अमुकगाव डॉट इन' किंवा 'अमुकगाव डॉट कॉम' असं नाव म्हणजे डोमेन.

हे मोबाईल नंबरसारखं आहे. पोर्ट केलं की कंपनी बदलते, नंबर तोच राहतो, आणि लोकांना तोच नंबर पाठ असतो. डोमेन तुमच्या नावावर असेल तर उद्या होस्टिंगची कंपनी बंद पडो, महाग होवो, मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येतो आणि पत्ता बदलत नाही. लोकांकडे गेलेल्या जुन्या लिंकही नीट जोडून घेतल्या तर चालू राहतात. स्वतंत्र ब्लॉग म्हणतात तो यालाच.

तीन मार्ग आहेत:

१. पूर्ण मोफत. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर खातं काढायचं. पत्त्यात त्यांचं नाव येतं. वर्डप्रेसच्या मोफत खात्यावर कंपनी आपल्या जाहिराती दाखवते. शिकायला आणि सवय लावायला हा मार्ग उत्तम.

२. मोफत जागा, स्वतःचा पत्ता. ब्लॉगरवर लिहायचं, पण डोमेन स्वतःचं विकत घेऊन जोडायचं. ब्लॉगर त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे वर्षाला साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांच्या दरम्यान. गावातल्या बहुतेकांना हा मार्ग पुरतो.

३. जागाही विकत, पत्ताही विकत. स्वतःचं होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस बसवायचं. मोकळीक जास्त, पण वर्षाला काही हजार रुपये आणि वेळोवेळी अपडेट करायची जबाबदारी. अपडेट न केलेल्या साईटमध्ये चोर शिरतात आणि आपल्या पत्त्यावर नको त्या जाहिराती दिसायला लागतात. सांभाळणारा माणूस असेल तरच या वाटेने जावं.

डोमेन देवनागरीतही मिळतं. 'डॉट भारत' हा पत्त्याचा शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्यात मराठीही येते. तो दिसायला छान. पण काही ॲपमध्ये तो नीट उघडत नाही किंवा चमत्कारिक अक्षरांत दिसतो. म्हणून आधी साधं 'डॉट इन' घ्यावं, मग हौस म्हणून 'डॉट भारत'.

डोमेन घेताना इथं फसगत होते

पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत डोमेन, अशी जाहिरात दिसते. खरी किंमत दुसऱ्या वर्षी कळते. म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा दर वाचा.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षाच्या भाड्याने असतं. मुदत संपली की काही दिवस सवलतीचे, मग दंड, आणि त्यानंतर ते नाव जगात कुणीही घेऊ शकतं. गावाच्या नावाच्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात दिसू शकते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जमलं तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी 'साईट बनवून देणारा' ते आपल्याच ईमेलवर घेतो. तो गाव सोडून गेला, किंवा पैशावरून बिनसलं, की किल्ली त्याच्याकडेच राहते. जमीन घेताना सातबारा बघतो, तसं इथं नोंद कुणाची ते बघायचं. ईमेल तुमचा, मोबाईल नंबर तुमचा, पावती तुमच्या नावावर. आणि तो मोबाईल नंबर चालू ठेवा. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो.

मोबाईलवर मराठी लिहिणं

अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा कीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की देवनागरीत थेट टाइप करता येतं, किंवा इंग्रजी अक्षरांतून लिहिलेलं मराठीत उमटतं. माइकचं चिन्ह दाबून बोललं तरी लिहिलं जातं. बोलीतले शब्द मात्र त्याला कळत नाहीत. तो 'दुरुस्त' करून भलताच शब्द टाकतो, म्हणून छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा. आणि बोलीतला शब्द पुसू नका. 'हाताला धरलं' असं आजी म्हणाली असेल तर तसंच राहू द्या. कंसात अर्थ दिला की झालं.

जुना मजकूर डीटीपीच्या दुकानातून घेत असाल, उदाहरणार्थ यात्रेची स्मरणिका किंवा पतसंस्थेचा अहवाल, तर एक अडचण येते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर फोनवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या फाँटमध्ये अक्षर दिसायला मराठी, पण आतून इंग्रजी असतं. दुकानदाराला 'युनिकोडमध्ये करून द्या' असं सांगा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे ते सगळीकडे सारखं दिसतं आणि गूगललाही सापडतं.

मजकुराला जागा किती कमी लागते बघा. हजार शब्दांचा मराठी लेख साधारण २० केबीत बसतो. फोनने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे तेवढ्या जागेत असे २०० लेख मावतील. रेंज कमी असलेल्या वाडीवर लेख लगेच उघडतो, फोटो गोल गोल फिरत राहतो. म्हणून लेखात दोन-तीनच फोटो ठेवा, आकार लहान करून टाका. मोठा, मूळ फोटो आपल्याकडे जपा.

लेखाच्या मथळ्यात गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही लिहा. महाराष्ट्रात वडगाव, नांदगाव, पिंपळगाव कितीतरी आहेत. 'आमच्या गावची यात्रा' असा मथळा दिला तर गूगललाही कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही. प्रत्येक लेखात कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं आणि कुठं सांगितलं, एवढं तरी असावं.

पैसे मिळतात का?

खरं सांगायचं तर फार नाही. गूगलची ॲडसेन्स ही जाहिरातींची योजना मराठी मजकुरालाही लागू आहे. अर्ज करावा लागतो आणि ब्लॉगवर स्वतःचा पुरेसा मजकूर असावा लागतो. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत. त्याआधी पत्ता तपासायला टपालाने एक पिन नंबरही येतो. गावाबद्दलच्या छोट्या ब्लॉगला तेवढी रक्कम जमायला वर्षही लागू शकतं. त्यातून डोमेनचे पैसे निघाले तरी चांगलं म्हणायचं.

'ब्लॉगमधून महिन्याला लाख कमवा' असे कोर्स विकणारे बरेच आहेत. त्यांची कमाई बहुतेकदा ब्लॉगमधून नसते, तुमच्या फीमधून असते. ब्लॉग कसा काढायचा हे यूट्यूबवर फुकट शिकता येतं. त्यासाठी कुणाला पाच-दहा हजार मोजू नका.

फायदा वेगळ्या रूपात होतो. पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेली गावची माणसं वाचतात, जुने फोटो पाठवतात. कुंभाराच्या, विणकराच्या कामावर लेख असेल तर गिऱ्हाईक शोधत येतं. शाळेतल्या पोरांना परिसर अभ्यासाच्या प्रकल्पाला माहिती मिळते. मात्र खर्च आपल्या खिशाला झेपेल इतकाच ठेवा. कर्ज काढून ब्लॉग चालवू नये.

कायदा आणि गावकी, दोन्ही सांभाळा

फोटो आणि मजकूर: गूगलवर दिसतो म्हणून फोटो फुकट नसतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि हक्क कलाकृती तयार झाल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं लिखाणावर हक्क राहतो. तुमचंही लिखाण कुणी उचललं तर हाच कायदा तुमच्या बाजूने आहे. शक्यतो स्वतः काढलेले फोटो वापरा. दुसऱ्याचा घेतला तर विचारा आणि नाव द्या.

बदनामी: सोसायटीत, ग्रामपंचायतीत गडबड आहे असं लिहायचं तर हातात कागद हवा. माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर, ठरावाची नक्कल, असं काहीतरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मानहानीचं कलम ३५६ आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. शिवाय रोजच्या बातम्याच द्यायला लागलात तर डिजिटल माध्यमांसाठीचे २०२१ चे नियम समजून घ्यावे लागतील.

माणसांची परवानगी: हे कायद्यापेक्षा मोठं आहे. म्हातारीची ओवी रेकॉर्ड करताना 'आजी, हे इंटरनेटवर सगळ्यांना दिसणार आहे' असं स्पष्ट सांगा. ती नको म्हणाली तर विषय संपला. ओव्यांमध्ये सासरच्या छळाचं, घरातल्या दुःखाचं खूप असतं. नाव टाकायचं की नाही, हे तिनेच ठरवायचं. लहान मुलांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नकोत. आधार, बँक पासबुक, मोबाईल नंबर दिसणारा कागद तर कधीच नको.

गावाचा इतिहास लिहिताना अजून एक पथ्य आहे. प्रत्येक गावात एका गोष्टीच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. मंदिर कुणी बांधलं, मानाची काठी कुणाची, विहीर कुणासाठी बंद होती. एकाच आळीत बसून लिहिलं तर एकाच आळीचा इतिहास होतो. वाड्यावर विचारलंत तसं वस्तीवरही विचारा, आणि मतं वेगळी निघाली तर दोन्ही लिहा.

ब्लॉग बंद का पडतो?

पैसे संपले म्हणून क्वचितच बंद पडतो. सुरुवातीला रोज लिहून दमल्यामुळे जास्त बंद पडतात. पहिल्या महिन्यात वीस लेख आणि नंतर वर्षभर शांतता, असं होतं. पंधरा दिवसांतून एक लेख, पण न चुकता, हे चांगलं. सुगीच्या दिवसांत बंद ठेवला तरी काही बिघडत नाही.

सुरुवातीला वाचणारे वीस-पंचवीसच असतील. हरकत नाही. ग्रुपवर अख्खा लेख टाकू नका, दोन ओळी आणि लिंक टाका. ग्रुपमधलं दोन दिवसांत खाली जाईल, पण लिंक उघडून वाचणाऱ्याला मागचे लेखही दिसतील.

किल्ली कुणाकडे?

स्वतःची जागा घेतली म्हणजे काळजी मिटली, असं नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं. लिहिणारा नोकरीला बाहेरगावी गेला, आजारी पडला, वारला, की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, डोमेनचे पैसे भरले जात नाहीत आणि दहा वर्षांचं काम मिटतं. 'दीनमित्र'सुद्धा १९६७ साली, मुकुंदरावांचं निधन झालं त्या वर्षी थांबला. फरक एवढाच की छापलेला अंक कुणाच्या ना कुणाच्या फळीवर राहू शकतो. ब्लॉगचं तसं नाही. भाडं थांबलं की सगळं एकदम जातं.

म्हणून चार कामं ठरवून करावी लागतात:

१. दर तीन महिन्यांनी बॅकअप. ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्हींच्या सेटिंगमध्ये सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय आहे. त्या फाइलमध्ये मुख्यतः मजकूर येतो. मूळ फोटो आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.

२. इंटरनेट अर्काइव्हला प्रत द्या. ही १९९६ पासून काम करणारी, नफा न कमावणारी संस्था आहे. तिच्या 'वेबॅक मशीन' या सोयीत आपल्या लेखाची लिंक टाकली की त्या पानाची प्रत तिथं जपली जाते, तीही फुकट. मूळ साईट बंद पडली तरी ती प्रत तिथं बघता येते.

३. कागदावर छापा. वर्षातले निवडक लेख साध्या प्रिंटवर काढून गावच्या वाचनालयात आणि शाळेत एक-एक प्रत ठेवा. ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही, त्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येतं. आणि चूक असेल तर तीच माणसं सांगतात.

४. दुसरा माणूस तयार करा. पासवर्ड, डोमेनची तारीख आणि बॅकअप कुठं आहे, हे विश्वासातल्या एका तरी माणसाला माहीत असावं. शाळेतले गुरुजी, वाचनालयाचा चालक, घरातली लेक, कुणीही. दोघांनी मिळून चालवला तर आणखी बरं.

सुरुवात करायची तर या आठवड्यात एवढंच करा. ब्लॉगरवर मोफत खातं काढा, डोमेन लगेच घेऊ नका. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे तासभर बसा. एकच प्रश्न विचारा: गावात पहिली गिरणी, पहिली मोटार किंवा पहिला टीव्ही आला तेव्हा काय झालं? जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहा. नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि तारीख टाका आणि आधी त्यांना वाचून दाखवा. असे सहा लेख झाले आणि अजून लिहावंसं वाटलं, की मग डोमेनला पैसे भरा.